ओझे वाहणाऱ्या पेशी



श्रावण-भाद्रपदात कुंपणाच्या कडेला, ओढ्याकाठी तेरडा माजलेला असतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे म्हणून आपण त्याची थट्टा करतो. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या तेरड्याचे उपकारच मानले पाहिजेत, कारण आपले अंतरंग त्याच्याइतके सहज दाखवणारी झाडे थोडीच आहेत.

हिरवट पांढऱ्या खोडाचे तेरड्याचे एक रोप मुळासकट उपटून आणा. परातीत पाणी घेऊन त्यात खोड बुडवा आणि मुळाच्या थोडे वर, पाण्याखालीच, धारदार ब्लेडने कापा. ब्लेड वापरताना शिक्षकांना किंवा घरातल्या मोठ्या माणसाला जवळ असू द्या. आता लाल शाई घातलेल्या पाण्यात ते रोप उभे करून उजेडात, वारा लागेल अशा जागी ठेवा. काही तासांत खोडात लाल रेघा वर चढलेल्या दिसतील. पुढे पानांच्या शिराही लालसर होतील.

आता खोडाची पातळ चकती कापा. सगळी चकती लाल झालेली नाही. लाल आहेत ते गोलाकार मांडलेले थोडे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे बारीक नळ्यांच्या जुडग्याचे कापलेले तोंड. पाणी वर गेले ते या नळ्यांतून. या नळ्या पेशींच्या बनलेल्या आहेत. पण तुम्ही रोप उपटण्याच्या आधीच, ते कुंपणाशी टवटवीत उभे असतानाच, त्या पेशी मेलेल्या होत्या!

हा काही रोग नव्हे. त्या मेल्या म्हणूनच रोप जगत होते. ते कसे, हे आज पाहू. आणि अशाच तऱ्हेने आपले सर्वस्व सोडून दुसऱ्यांचे ओझे वाहणाऱ्या आणखी दोन प्रकारच्या पेशींची ओळख करून घेऊ. त्यांतला एक प्रकार हा लेख वाचत असताना तुमच्या बोटांच्या टोकांतून धावतो आहे.

एकट्याचा संसार आणि गावगाडा

डबक्यातल्या अमिबाला ना हृदय, ना रक्त, ना शिरा. तो एकाच पेशीचा. त्याला लागणारा प्राणवायू भोवतालच्या पाण्यातून आपोआप आत झिरपतो. या झिरपण्याला विसरण म्हणतात. मग आपल्याला, आणि आंब्याच्या झाडाला, एवढा खटाटोप कशाला?

याचे उत्तर अंतरात आहे. पदार्थाचा कण एका जागेवरून दुसऱ्या जागी सरळ चालत जात नाही. गर्दीत धक्के खात माणूस भरकटतो तसा तो भरकटतो. म्हणून अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो, अंतर दसपट झाले की वेळ शंभरपट. ढोबळ हिशेब असा: स्थिर पाण्यात प्राणवायूच्या कणाला एक शतांश मिलिमीटर जायला सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतो. एक मिलिमीटर जायला सुमारे चार मिनिटे लागतात, एक सेंटिमीटर जायला सात तास. आणि एक मीटर? सुमारे आठ वर्षे! छातीत घेतलेला श्वास असा विसरणाने पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचायचा झाला, तर पाचवीत घेतलेला श्वास कॉलेजात गेल्यावर पोचेल.

तेव्हा शरीर मोठे व्हायचे तर वाहतुकीची सोय हवीच. आणि वाहतुकीचे काम अंगावर घेणाऱ्या पेशी हव्यात.

अमिबा हा एकट्याने संसार करणारा गडी आहे. खाणे, श्वास घेणे, हालचाल, प्रजोत्पादन, सारे एकाच पेशीत. बहुपेशीय सजीव म्हणजे मात्र जुन्या काळचा गावगाडा. सुतार लाकूड तासतो, कुंभार मडकी घडवतो, चांभार जोडे शिवतो. एकेकाने एकेक काम पत्करले की ते चांगले होते, पण मग प्रत्येकाला दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते. पेशींचेही तसेच. एका फलित पेशीपासून शरीर घडत जाते. बहुतेक सर्व पेशींत आनुवंशिक माहितीचा तोच ग्रंथ असतो, पण स्नायूची पेशी त्यातली एक पाने उघडते, तर मज्जापेशी दुसरी. या वाटणीला पेशींचे विशेषीकरण म्हणतात.

पण विशेषीकरण म्हणजे नुसते नवे काम शिकणे नव्हे. त्यात काहीतरी सोडूनही द्यावे लागते. वाहतूक करणाऱ्या पेशींनी जे सोडले आहे, तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणी सोडले असेल.

पाण्याची वाट

तेरड्यातल्या ज्या नळ्या लाल झाल्या त्यांना जलवाहिन्या म्हणतात. कोवळ्या खोडात या जागी साध्या, जिवंत पेशी एकीवर एक उभ्या असतात. त्या लांब होतात. मग आपल्या भिंतींवर आतून लिग्निन नावाच्या कठीण पदार्थाची कडी, वेटोळी आणि जाळ्या चढवतात. हे बांधकाम पुरे झाले की पेशी स्वतःलाच विरघळवू लागते. केंद्रक जाते, पेशीद्रव्य जाते, दोन पेशींमधल्या आडव्या भिंती विरतात. उरते ती फक्त आरपार मोकळी, मजबूत भिंतीची नळी.

पेशी जिवंत राहिली असती तर काय बिघडले असते? पाण्याला प्रत्येक पेशीत शिरताना एक पापुद्रा आणि बाहेर पडताना दुसरा पापुद्रा ओलांडावा लागला असता. मोठ्या झाडाच्या शेंड्यापर्यंत अशा हजारो वेशी लागल्या असत्या. दुपारच्या उन्हात पाने पाणी मागत असताना एवढ्या वेशी ओलांडून पाणी वेळेवर कसे पोचणार?

या नळ्या खरोखरच मृत आहेत याचा पुरावा एडुआर्ड स्ट्रासबुर्गर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या दशकात दिला. वीस मीटरहून उंच झाड बुंध्याशी कापून त्याने ते विषारी द्रावणात उभे केले. विष वर चढत गेले आणि वाटेतल्या जिवंत पेशी मारत गेले, तरी द्रावणाचे चढणे थांबले नाही. म्हणजे पाणी चढवण्यासाठी खोडातल्या जिवंत पेशींच्या जोराची गरज नव्हती.

मग पाणी चढवतो कोण? सूर्य. पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, पाण्याची वाफ उडते. यालाच बाष्पोच्छ्वास म्हणतात. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. वरचा कण उडाला की तो खालच्याला ओढतो, खालचा त्याच्या खालच्याला. अशी मुळांपर्यंत पोचलेली पाण्याची अखंड दोरी वर खेचली जाते. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये ही कल्पना मांडली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात रेडवुड जातीचे एक झाड सुमारे ११५ मीटर उंच आहे. त्याच्या शेंड्यालाही पाणी याच ओढीने मिळते.

आता त्या लिग्निनच्या कड्यांचे प्रयोजन लक्षात येईल. शहाळ्यात घातलेली कागदी नळी जोराने ओढली की चिपकते. जलवाहिनीतली ओढ त्याहून कितीतरी जास्त असते. आतली कडी भिंतीला चिपकू देत नाहीत. आणि तेरडा पाण्याखालीच का कापला, तेही कळेल. हवेत कापला असता तर ताणलेल्या दोरीचे टोक तुटून नळीत हवा शिरली असती. हवेचा बुडबुडा अडकला की ती नळी निकामी होते. मृत पेशीला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. म्हणून झाड नव्या जलवाहिन्या तयार करत राहते.

साखरेची वाट

तुमच्या गावात एखादी जुनी चिंच असेल. बुंधा आतून पोखरलेला, मुलांना लपायला ढोली झालेली, आणि तरी माथा हिरवागार. याउलट एखादे धडधाकट झाड पाहा. कोणी त्याची चार बोटे रुंद साल बुंध्याभोवती गोल सोलून काढली, तर ते झाड हळूहळू वाळून मरते. आत पोकळ झालेले जगते आणि वरवर सोललेले मरते, असे का?

पोकळ झाडात गेलेले असते ते मधले जुने लाकूड. पाणी नेण्याचे काम त्याने कधीच सोडलेले असते. चालू जलवाहिन्या बाहेरच्या बाजूच्या लाकडात असतात आणि त्या शाबूत असतात. सालीबरोबर मात्र दुसरी वाट जाते. पानांनी बनवलेली साखर मुळांकडे नेणाऱ्या रसवाहिन्यांची वाट ती.

इटलीतल्या मार्चेल्लो मालपिगी या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच हा प्रयोग केला. त्याने साल वलयाकार सोलली, तेव्हा वलयाच्या वरच्या बाजूला साल फुगली. वरून येणारा रस तिथे अडला होता. वनस्पतींच्या रचनेवरचा त्याचा ग्रंथ १६७५ आणि १६७९ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

आपले शेतकरी आणि माळी हीच युक्ती कामाला लावतात. डाळिंबाचे किंवा पेरूचे गुटी कलम करताना फांदीवरची साल बोटभर गोल काढतात, तिथे ओले शेवाळ बांधतात आणि वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळतात. फांदीची पाने हिरवीच राहतात, कारण लाकडातली पाण्याची वाट मोकळी असते. साखर मात्र वलयाच्या वर साठते आणि तिथेच मुळे फुटतात.

रसवाहिनीची पेशी जलवाहिनीसारखी मरत नाही. ती अर्धवट संन्यास घेते. केंद्रक टाकते, पेशीतली मोठी रिक्तिका टाकते, प्रथिने बनवणारे रायबोसोमही टाकते. दोन पेशींमधल्या भिंतीला मोठी छिद्रे पडून तिची चाळणी होते, म्हणून या नळीला चाळणीनलिका म्हणतात. पण जिवंत पापुद्रा ती जपून ठेवते, कारण साखरेचे घट्ट द्रावण कोंडून धरायला तो लागतो. आता केंद्रकाशिवाय हिचा प्रपंच कोण चालवणार? तिला चिकटून एक छोटी पेशी असते. तिला सहचर पेशी म्हणतात. ही दोघींपुरती शिजवते आणि बारीक दोऱ्यांसारख्या वाटांनी शेजारणीला पुरवते.

या नळ्यांत रस दाबाने वाहतो. पानाकडच्या टोकाला साखर भरली जाते. तिच्यामागे पाणी आत शिरते आणि दाब वाढतो. मुळाकडे किंवा फळाकडे साखर काढून घेतली जाते, तिथे दाब उतरतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे रस सरकतो. एर्न्स्ट म्युंच याने १९३० मध्ये ही उपपत्ती मांडली. हा दाब पाहायला यंत्र कशाला? ज्वारीवर मावा पडतो, पाने चिकट होतात, आणि शेतकरी म्हणतो ‘चिकटा आला’. मावा आपली सुईसारखी सोंड नेमकी चाळणीनलिकेत खुपसतो. रस दाबाने त्याच्या अंगात शिरतो आणि न पचलेली साखर मागून थेंबाथेंबाने बाहेर पडते. तोच हा चिकटा. शास्त्रज्ञांनी तर मावा कापून नुसती सोंड तशीच ठेवली, तेव्हा तिच्यातून रस कितीतरी वेळ ठिबकत राहिला. आपल्या माडाची गोड नीरा हाही या रसवाहिन्यांचाच रस. आणि माडाचे खोड आंब्यासारखे वर्षानुवर्षे जाड होत नसल्यामुळे त्याला नव्या चाळणीनलिकांचा पुरवठा होत नाही. त्याच त्या, केंद्रक नसलेल्या पेशी सहचरींच्या आधाराने कित्येक दशके काम करतात.

रक्तातला हमाल

झाडात येण्याची वाट वेगळी आणि जाण्याची वेगळी. आपल्या शरीरात मात्र एकच वर्तुळाकार रस्ता असून हृदय हा त्याचा पंप आहे. विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये दाखवून दिले, की रक्त रोहिण्यांतून बाहेर जाते आणि नीलांतून हृदयाकडे परत येते. पण रोहिणीतून नीलेत ते जाते कसे, हे त्याला दिसले नव्हते. ते १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने पाहिले मालपिगीने! होय, झाडाची साल सोलणारा तोच मालपिगी. त्याला दिसलेल्या त्या अतिसूक्ष्म नळ्या म्हणजे केशवाहिन्या.

या रस्त्यावरचा हमाल म्हणजे तांबडी रक्तपेशी. हाडांतल्या अस्थिमज्जेत ती जन्मते, तेव्हा तिला केंद्रक असते. मोठी होताना ती हिमोग्लोबिनने स्वतःला भरून घेते आणि मग केंद्रक चक्क बाहेर फेकून देते. साखर आणि प्राणवायू वापरून शक्ती देणाऱ्या तंतुकणिकाही ती टाकते. यात दोन फायदे आहेत. एक म्हणजे माल ठेवायला जागा होते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू मावतात आणि प्रत्येक रेणू प्राणवायूचे चार रेणू धरतो. दुसरा फायदा त्याहून मजेचा आहे. तंतुकणिका नसल्यामुळे ही पेशी स्वतः प्राणवायू वापरतच नाही. डोक्यावरच्या पाटीतला एक दाणाही न खाणारा हा हमाल आहे.

तिचा आकार दोन्ही बाजूंनी खोलगट चकतीसारखा, व्यास सुमारे साडेसात मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कित्येक केशवाहिन्या तिच्याहून अरुंद असतात, तिथून ती दुमडून, अंग चोरून पार होते. केंद्रक असते तर असे दुमडणे अवघड झाले असते. पक्ष्यांच्या आणि बेडकांच्या तांबड्या पेशींत मात्र केंद्रक असते. ते टाकून देण्याची रीत सस्तन प्राण्यांची.

आता या त्यागाची किंमत पाहा. केंद्रक नाही, म्हणून दुरुस्ती नाही. सुमारे १२० दिवसांत पेशी झिजते आणि मोडीत निघते. एक गणित करा. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ लाख कोटी तांबड्या पेशी असतात. प्रत्येकीचे आयुष्य १२० दिवस, तर दर सेकंदाला नव्या किती तयार व्हायला हव्यात? उत्तर येईल सुमारे २४ लाख. ‘एक’ म्हणेपर्यंत २४ लाख!

हा कारखाना चालायला कच्चा माल लागतो. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात. जुन्या पेशींतले लोह शरीर काटकसरीने पुन्हा वापरते, पण वाढत्या वयात, आणि पाळी सुरू झालेल्या मुलींना, ते कमी पडते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते १९ वर्षे वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. जिना चढताना धाप लागणे, वर्गात डोळे मिटणे, अभ्यासात लक्ष न लागणे, याला आपण आळस म्हणतो. पुष्कळदा तो आळस नसतो, हमाल कमी पडलेले असतात. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खिशात ठेवून घरी नेऊन टाकू नका. पालेभाजी आणि कडधान्ये खा, त्यावर लिंबू पिळा. लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे भाजीतले लोह अंगी लागायला मदत होते.

आकार बिघडला तर काय होते, हेही आपल्या महाराष्ट्राला जवळून ठाऊक आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार, मेळघाट या भागांत सिकलसेलचा आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदललेले असते. व्हर्नन इन्ग्रॅमने १९५६ मध्ये ते शोधून काढले. एवढ्याशा फरकाने, प्राणवायू सोडल्यावर पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. ती दुमडत नाही, अरुंद वाटेत अडकते. मग असह्य वेदना सुरू होतात. अशी पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच मोडते. आई आणि वडील दोघेही या दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक बहुधा धडधाकट असतो, त्यामुळे तपासणीशिवाय हे कळत नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तुमच्या शाळेत रक्त तपासायला कोणी आले, तर सुईला भिऊन मागच्या दाराने पळू नका.

तुमच्या अंगणातले झाड

एकीने प्राण सोडला, दुसरीने आपला कारभार शेजारणीवर सोपवला, तिसरीने आयुष्य चार महिन्यांवर आणले. तिघीही आतून रिकाम्या झाल्या आणि म्हणून दुसऱ्यांच्या उपयोगी पडल्या. पण तिघींची दुखरी बाजूही एकच आहे. त्यांना स्वतःची डागडुजी करता येत नाही. नव्या पेशी घडवणे आणि त्यांची वाट मोकळी ठेवणे हे बाकीच्या शरीराने, आणि कधी कधी आपणही, पाहायचे असते.

उद्या शाळेच्या आवारातली आणि रस्त्यावरची दहा झाडे नीट पाहून या. कोणाच्या बुंध्याला फलकाची तार आवळली आहे का? लहानपणी बसवलेला लोखंडी पिंजरा आता सालीत रुतला आहे का? खिळ्याने जखम होते ती तेवढ्याच जागी. तार मात्र पूर्ण वेढा घालते. झाड दरवर्षी जाड होते, तार होत नाही. ती सालीत रुतत जाते आणि साखरेची वाट चेपते. वरची पाने बरेच दिवस हिरवीच दिसतात, कारण पाण्याची वाट आत अजून मोकळी असते. उपाशी पडतात ती मुळे. साठवलेले अन्न संपले की ती मरू लागतात, आणि मग पाणीही बंद होते. झाड वाळलेले दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

तारेच्या वर बुंधा फुगलेला दिसतो का, ते बोटांनी चाचपून पाहा. मालपिगीने पाहिला तोच हा फुगवटा. दिसला तर शिक्षकांना सांगा, पक्कड मागवा, आणि त्यांच्या देखरेखीखाली ती तार त्याच दिवशी तोडा.